गणवेश कुणाचा, लढाई कुणाची?

दरवर्षी 1 जानेवारी जवळ आली की आमच्या कोल्हापूरच्या अभ्यासवर्गात एक प्रश्न येतोच. यंदा तो दुसऱ्या वर्षाला शिकणाऱ्या एका मुलाने विचारला. हॉस्टेलच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याला कुणीतरी लिहिले होते : तुमचे पूर्वज इंग्रजांचे भाडोत्री शिपाई, देशाविरुद्ध लढले, त्याचा कसला शौर्यदिन साजरा करता? मुलगा चिडला होता, पण उत्तर काय द्यावे ते त्याला सुचत नव्हते. खरे सांगायचे तर आमच्यातल्या जुन्या कार्यकर्त्यांचीही अशा वेळी पंचाईत होते. आवाज चढतो, घोषणा होतात आणि मूळ प्रश्न तसाच राहतो. म्हणून हा लेख.

आधी आपले आकडे नीट करू. '500 महारांनी 28 हजार पेशवे कापले' हे वाक्य पोस्टरवर चालते, इतिहासात चालत नाही. भीमा कोरेगावला कॅप्टन स्टाँटनच्या हाताखाली 800 च्या आसपास माणसे होती. त्यात बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्रीच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी पलटण, पुण्याचे घोडदळ आणि मद्रास तोफखान्याचे मूठभर गोलंदाज होते. पलटणीत महारांचे प्रमाण मोठे होते, पण इतर जातींचे शिपाईही होते. पेशव्याकडे 28 हजारांची फौज होती हे खरे, मात्र ती सगळी त्या दिवशी लढाईत उतरली नाही. नदीपार होऊन गावात घुसलेल्या तुकड्यांत अरब होते, गोसावी होते. स्तंभावर पलटणीच्या मृतांची 49 नावे आहेत आणि त्यातली 22 'नाक' प्रत्ययाची, म्हणजे महारांची आहेत. एवढे पुरेसे आहे. ज्या माणसाला पुण्यात सावली लांब पडते त्या वेळी रस्त्यावर यायची बंदी होती, त्याचे नाव दगडावर कोरले गेले, ही गोष्ट फुगवून मोठी करायची गरज नाही. आपण फुगवतो आणि समोरचा टाचणी लावतो.

आता 'देशाविरुद्ध' या शब्दाकडे वळू. 1818 मध्ये 'देश' कोणता होता? ज्या दुसऱ्या बाजीरावाविरुद्ध ही लढाई झाली, त्यानेच 1802 च्या 31 डिसेंबरला वसईचा तह करून स्वतःला कंपनीच्या हवाली केले होते आणि 1803 मध्ये तो इंग्रज फौजेच्या बंदोबस्तात पुण्याच्या गादीवर परत येऊन बसला होता. आमच्या कोल्हापूरच्या गादीने 1812 मध्ये कंपनीशी तह केला. साताऱ्याच्या छत्रपतींना पेशव्याच्या कैदेतून सोडवून गादी दिली तीही इंग्रजांनीच, 1818 मध्ये. या कुणाला कोणी देशद्रोही म्हणत नाही आणि आम्हीही म्हणत नाही. पुढे मराठा, शीख, जाट, राजपूत, डोगरा, गुरखा अशा सगळ्यांच्या पलटणी इंग्रजांच्या झेंड्याखाली लढल्या. दुसऱ्या महायुद्धात 25 लाख हिंदी माणसे त्या सैन्यात होती. यांपैकी फक्त एका जातीकडे देशभक्तीचा दाखला मागितला जातो. का, ते वाचकाला सांगायला नको.

पण मित्रांनो, 'बाकीचेही लढले' हे उत्तर वकिली झाले. ते आरोप परतवते, पण आपला माणूस फौजेत का गेला हे सांगत नाही. त्यासाठी जरा लांबचे उदाहरण घेऊ. परदेशातल्या दाखल्यांची आपल्या परंपरेला सवय आहे. जोतीरावांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' लिहिली ती अमेरिकेत गुलामी मोडायला झटलेल्या लोकांना अर्पण करून. बाबासाहेबांनी 1940 मध्ये पाकिस्तानच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला, तेव्हा तुर्कस्तान आणि चेकोस्लोव्हाकिया कसे फुटले याचा ताळा मांडला. पूर्व युरोप तर कोल्हापूरला अगदीच परका नाही. 1943 ते 1948 या काळात शहराबाहेर वळिवडे कॅम्पात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, बहुतेक बायका आणि मुले. त्यांच्यातल्या अनेकींचे नवरे, भाऊ आपला देश परत मिळावा म्हणून परक्या देशांच्या भूमीवर फौज उभारून लढत होते. गांधीनगरच्या बाजारात कपडे घ्यायला जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असते?

आम्ही ज्यांच्याबद्दल सांगणार आहोत ते पोलिश नव्हेत, रोमानियन. पहिल्या महायुद्धाच्या वेळी रोमानिया नावाचे छोटे राज्य होते, पण रोमानियन भाषा बोलणारे लाखो लोक त्याच्या सीमेबाहेर, ट्रान्सिल्व्हानिया, बानात, बुकोविना या भागांत, ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सम्राटाच्या अमलाखाली राहत होते. ट्रान्सिल्व्हानियात तर त्यांची लोकसंख्या सगळ्यांत जास्त. तरीही तिथे 1437 पासून तीन 'मान्य' समाज होते : हंगेरियन सरदार, जर्मन साक्सन आणि सेकेय. रोमानियन शेतकरी त्या मोजणीतच नव्हता. त्याचा धर्मही शतकानुशतके 'खपवून घेतलेला' या वर्गात मोडत होता. गावात बहुसंख्य, दप्तरात शून्य. वाचकांना ही स्थिती ओळखीची वाटेल. (अस्पृश्यता ती नव्हे, हेही लक्षात ठेवावे. विटाळ ही खास इथली निपज आहे.)

1914 मध्ये सम्राटाने या शेतकऱ्यांना गणवेश चढवून रशियाविरुद्ध पाठवले. हजारो मेले, हजारो रशियाच्या कैदेत पडले. मग 1916 मध्ये रोमानिया सम्राटाविरुद्ध युद्धात उतरला आणि कैदेतल्या या माणसांपुढे पेच उभा राहिला : शपथ सम्राटाची घेतलेली, आणि आपली माणसे समोरच्या बाजूला. कीव्ह शहराजवळ दार्नित्सा इथल्या छावणीत त्यांनी निर्णय घेतला. 26 एप्रिल 1917 रोजी जाहीरनामा काढून त्यांनी रोमानियाच्या बाजूने लढण्याची तयारी दाखवली. जूनमध्ये त्यांची पहिली तुकडी याश शहरात पोचली, ऑगस्टमध्ये त्यांच्यातले काही जण मराशेश्तीच्या मोठ्या लढाईत होते. पकडले गेले तर ऑस्ट्रियाच्या कायद्याने ते फितूर होते आणि फितुराला फाशी होती. त्याच वेळी त्यांचेच भाऊबंद सम्राटाच्या पलटणीत राहून समोरून गोळ्या झाडत होते. आज रोमानियात या स्वयंसैनिकांना राष्ट्राच्या एकीकरणाचे शिलेदार मानतात. त्यांनी आधी सम्राटाचा गणवेश घातला होता म्हणून त्यांना कोणी हिणवत नाही. गणवेश कुणी शिवला यावरून लढाई कुणाची ते ठरत नसते.

या हकिकतीतला दुसरा धागा आम्हाला जास्त महत्त्वाचा वाटतो. त्या जाहीरनाम्यात नुसती भूभागांच्या एकीची मागणी नव्हती. एक झालेला देश लोकशाहीचा असावा, हेही त्यात होते. त्याच महिन्यात रोमानियाचा राजा फर्डिनांड आघाडीवर जाऊन आपल्या शेतकरी शिपायांना जमीन आणि मतदानाचा हक्क देण्याचे वचन देत होता. राजाला काही बुद्धाचा साक्षात्कार झाला नव्हता. शेजारी रशियात झारचे सिंहासन नुकतेच उलथले होते आणि आपले शिपाईही त्याच वाटेने जातील ही भीती होती. पण वचन दिले गेले, जुलैत ते राज्यघटनेत घातले गेले. 1 डिसेंबर 1918 ला आल्बा यूलियाच्या सभेत एकीकरणाचा ठराव झाला, त्यातही सार्वत्रिक मतदान आणि जमीन सुधारणेची कलमे होती. 1919 मध्ये पुरुषांच्या सार्वत्रिक मतदानाने निवडणूक झाली, 1921 मध्ये जमीनवाटपाचा कायदा आला. सरदारांच्या जमिनी शेतकऱ्यांच्या नावावर चढल्या. म्हणजे शिपायाने रक्त देण्याआधी किंमत बोलून घेतली होती. उधारीवर मेला नव्हता तो.

हा हिशेब घेऊन आता घरी येऊ.

महाराला फौज कशासाठी हवी होती? गावात त्याच्या वाट्याला महारकी होती. चोवीस तासांची ताबेदारी, तराळकी, मेलेली ढोरे ओढणे, पाटील-कुलकर्ण्याचा सांगावा घेऊन अनवाणी दहा कोस धावणे, आणि बदल्यात हाडकी-हाडवळ्याची जमीन व शिळे तुकडे. पलटणीत रोख पगार होता, पेन्शन होती, सुभेदाराच्या हुद्द्यापर्यंत चढता येत होते, आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे शाळा होती. रामजी सुभेदार लष्करी शाळेत चौदा वर्षे मुख्याध्यापक होते. ज्या काळात गावच्या शाळेच्या ओट्यावर चढू देत नव्हते, त्या काळात हे पलटणीत घडत होते. छावणीत विटाळ अजिबात नव्हता असे कोणी म्हणणार नाही, पण छावणी गावापेक्षा निश्चित बरी होती. म्हणून महार फौजेत गेला. इंग्रजाच्या प्रेमापोटी नाही.

आणि त्याच इंग्रजाने 1892 मध्ये दार लावून घेतले. सेनापती लॉर्ड रॉबर्ट्सच्या काळात 'लढवय्या जातीं'चे खूळ निघाले, जातवार पलटणी करायचे ठरले आणि महारांची भरती बंद झाली. ज्यांच्या बळावर पेशवाई जिंकली त्यांना एका हुकमाने 'लढाऊ नव्हे' ठरवले. गोपाळबाबा वलंगकर स्वतः पलटणीतून निवृत्त झालेले. त्यांनी 1894 मध्ये अर्ज तयार केला. पुण्यात शिवराम जानबा कांबळे यांनी आधी 1904 मध्ये आणि मग 1910 मध्ये अर्ज केले, दुसरा थेट लंडनच्या भारतमंत्र्यांना. हे अर्ज वाचताना आजच्या कार्यकर्त्याला अवघडल्यासारखे होते. वलंगकर म्हणतात आम्ही मूळचे क्षत्रिय. कांबळे मोठ्या जागा मागत नाहीत, पोलिसातली आणि फौजेतली खालची जागा तरी द्या म्हणतात. सूर विनवणीचा आहे. पण त्यांना हसण्याआधी विचार करावा : सभा घ्यायला जागा न देणाऱ्या गावात राहून, स्वखर्चाने, लंडनला अर्ज पाठवणारी ही पहिली पिढी होती.

मग महायुद्ध आले. मेसोपोटेमियात माणसे कमी पडू लागली. कुत-अल-अमाराच्या वेढ्यात मराठा पलटणी उपासमारीने खंगून एप्रिल 1916 मध्ये शरण गेल्या. साम्राज्याला अचानक आठवले की महारही लढतात. 1917 मध्ये '111 महार' ही पलटण उभी राहिली. पंचवीस वर्षे बंद असलेले दार उघडले म्हणून माणसे धावत गेली. आता रोमानियन शिपायाशी ताडून पाहा. त्या वर्षी, 1917 मध्येच, तो जमीन आणि मत बोलून घेत होता. आमच्या माणसाने काय बोलून घेतले? काही नाही. त्याच्या वतीने बोलायला कोणी नव्हते. परिणामही तसाच झाला. युद्ध संपले, 1920 मध्ये पलटण 71 पंजाबीजमध्ये मिसळून टाकली, 1921 मध्ये मोडीत काढली, आणि माणसे पुन्हा गावकुसाबाहेर, पुन्हा काठी-घोंगडी घेऊन चावडीवर.

कोल्हापुरात त्या वर्षांत काय चालले होते ते शेजारी ठेवले की चित्र स्पष्ट होते. शाहू महाराजांनी युद्धात इंग्रजांना भरतीसाठी मदत केली. यावरही टीका होते. पण त्याच 1918 मध्ये त्यांनी संस्थानात महार वतन रद्द करून जमिनी रयताव्याने महारांच्या नावे केल्या. फौजेतून परतणाऱ्या माणसाला ज्या महारकीत ढकलले जात होते, ती महारकीच त्यांनी काढून टाकली. मुंबई इलाख्यात हे व्हायला पुढे चाळीस वर्षे गेली. बाबासाहेबांचे 1928 चे विधेयक पडले आणि कायदा झाला तो 1958 मध्ये. 1919 मध्ये महाराजांनी सार्वजनिक विहिरी, शाळा, दवाखाने खुले करण्याचे हुकूम काढले. आणि मार्च 1920 मध्ये, तिकडे पलटणीचे नाव पुसले जात असतानाच, कागल जहागिरीतल्या माणगावात परिषद भरली. 28 वर्षांच्या बाबासाहेबांना महाराजांनी तिथे सर्वांसमोर नेता म्हणून पुढे केले.

महाराजांच्या राज्यातही सगळे गुळगुळीत नव्हते. गंगाराम कांबळेंची गोष्ट कोल्हापुरात सगळ्यांना माहीत आहे. राजाच्याच पागेत नोकरीला असलेल्या गंगारामांना सवर्णांच्या पाण्याला हात लावला म्हणून मार खावा लागला. महाराजांनी त्यांना चहाचे हॉटेल काढून दिले आणि स्वतः तिथे चहा प्यायले. गोष्टीचा शेवट आपण कौतुकाने सांगतो. सुरुवात मात्र विसरू नये. राजाचा हुकूम असतानाही, राजाच्या पागेत हे घडले.

1941 मध्ये दुसरे युद्ध इंग्रजांच्या गळ्याशी आले. या वेळी आमच्या वतीने बोलणारा माणूस होता. बाबासाहेबांनी सैन्यात कोणत्या प्रांताचे, कोणत्या जमातीचे किती लोक आहेत याचा अभ्यास आधीच केला होता. 1940 च्या ग्रंथात त्यावर सबंध प्रकरण आहे. जुलै 1941 मध्ये ते व्हाइसरॉयच्या संरक्षणविषयक सल्लागार समितीवर गेले. त्यांचा आग्रह नुसत्या भरतीचा नव्हता, महारांच्या स्वतंत्र पलटणीचा होता. इतरांच्या पलटणीत पाणके आणि झाडूवाले म्हणून नव्हे, स्वतःच्या नावाची पलटण. 1 ऑक्टोबर 1941 रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. बेळगाव म्हणजे आमच्यापासून दोन-अडीच तासांवर, मराठी मुलूख. दुसरी पलटण कामठीला निघाली आणि पुढे ब्रह्मदेशात गेली. टोपीवरच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. ज्या स्तंभावरून आज व्हॉट्सअ‍ॅपवर टोमणे येतात, तो तेव्हा शिपायाच्या कपाळावर होता.

बाबासाहेब इंग्रजांचे हस्तक झाले, असे तेव्हाही म्हटले गेले. त्यांची भूमिका साधी होती. हिटलरचे राज्य जन्मावरून माणसाची पायरी ठरवणारे राज्य होते. असे राज्य जगात जिंकले तर सर्वांत आधी कोण चिरडले जाईल हे अस्पृश्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आणि दुसरे, 1921 ची पुनरावृत्ती होऊ द्यायची नव्हती. ती भीती खोटी नव्हती. 1943 मध्ये उभी केलेली चमार रेजिमेंट कोहिमाच्या आघाडीवर लढूनही 1946 मध्ये बरखास्त झाली. महार रेजिमेंट टिकली.

आणि टिकली म्हणून पुढचे घडले. 1947 च्या ऑगस्टमध्ये पंजाब जळत असताना सरहद्द दलात महार पलटणी होत्या. हिंदू, शीख, मुसलमान निर्वासितांचे काफिले त्यांनी सांभाळले. फाळणीच्या त्या दंगलीत महार हा कोणत्याच बाजूचा पक्षकार नव्हता, म्हणून त्याच्यावर भरवसा ठेवता आला, असे आम्हाला वाटते. 1947-48 च्या जम्मू-काश्मीरच्या लढाईत नाईक कृष्णा सोनवणे यांना महावीर चक्र मिळाले. राष्ट्राचे एकीकरण म्हणतात ते हेच ना? नकाशा जोडणारा हा शिपाई रजेवर गावी आला की पाणी कुठून भरत होता, हा प्रश्न मात्र त्या नकाशावर दिसत नाही. 25 नोव्हेंबर 1949 ला घटना समितीत बाबासाहेब जातींना राष्ट्रविरोधी म्हणाले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर हा शिपाई नसेल असे मानणे कठीण आहे. बिल्ल्यावरचा कोरेगावचा स्तंभही स्वातंत्र्यानंतर गेला, त्या जागी खंजीर आला.

रोमानियाची गोष्ट आम्ही अर्धी सोडली होती. तिचा उरलेला भाग असा. त्या एक झालेल्या देशात रोमा नावाचा समाज राहतो. हजार वर्षांपूर्वी भारतातून गेलेले हे लोक. जुन्या रोमानियन संस्थानांत ते शतकानुशतके गुलाम होते, राजाचे, सरदारांचे आणि मठांचे. 1855-56 मध्ये गुलामी संपली. 1918 च्या ठरावाने सर्वांना समान हक्क कबूल केले. आणि 1942 मध्ये हुकूमशहा आंतोनेस्कूने सुमारे 25 हजार रोमांना नीस्टर नदीपलीकडे हद्दपार केले, त्यातले निम्म्याच्या आसपास भुकेने, थंडीने, टायफसने मेले. त्यांच्यात अशी कुटुंबे होती की ज्यांचा मुलगा किंवा नवरा त्याच वेळी रोमानियाच्या गणवेशात आघाडीवर होता. शिपाई रजेवर आला तर घर रिकामे. शेतकऱ्याने आपली किंमत बोलून घेतली होती आणि ती त्याला मिळाली. त्याच्याही खाली जो होता, त्याच्या वतीने कोणी बोललेच नव्हते.

त्या मुलाला आम्ही हे सगळे सांगितले. दोन तास गेले. शेवटी तो म्हणाला, "सर, एवढं ग्रुपवर कोण वाचणार?" सगळे हसले. मग त्यानेच सांगितले की त्याच्या आजोबांचे वडील 'लढाईत' होते, घरी पत्र्याच्या पेटीत एक पदक आहे, त्याच्या कडेवर इंग्रजीत काहीतरी कोरले आहे, पण कधी कुणी वाचले नाही. पुढच्या रविवारी तो ते घेऊन आला. कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि शेवटी 'महार' एवढे लागले.

त्यावरून आम्ही एक काम काढले आहे. आपल्या भागात अनेक गावांत चावडीवर किंवा वेशीत संगमरवरी पाटी असते : या गावातून 1914 ते 1919 च्या महायुद्धात इतके पुरुष गेले, त्यापैकी इतके मेले. आकडे आहेत, नावे नाहीत. शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीसारखी गावे आपला इतिहास जपून आहेत, पण गावकुसाबाहेरून गेलेल्यांची नोंद कुठेच एकत्र नाही. ज्यांच्या घरी पदक, पेन्शनबुक, डिस्चार्जचा कागद किंवा गणवेशातला फोटो असेल त्यांनी तो दोन्ही बाजूंनी मोबाइलवर टिपून ठेवावा. पदक घासू नये, कडेवरची अक्षरे जातात. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारून पलटण कोणती आणि परत आल्यावर गावाने कसे वागवले, हे दोन्ही लिहून काढावे. कागल, हातकणंगले आणि शिरोळ तालुक्यांत आम्ही स्वतः फिरणार आहोत.